भाडे आणि वरखर्च

लग्नाची बोलणी करायला बसलेल्या जाणत्या माणसाच्या तोंडी एक प्रश्न हमखास असतो, "यात काय काय आले?" पानाचा दर ठरतो आणि मग आचारी हळूच सांगतो की मठ्ठा दरात आहे, जिलबी नाही, वाढपी दरात आहेत, त्यांचे जाणेयेणे मात्र यजमानाकडे. कार्यालयाचे भाडे ठरते, तो वीज मीटरप्रमाणे निघते. मुलीच्या बापाचे केस पिकतात ते दराने नव्हे, वरखर्चाने. माझे सासरे हयात असताना जव्हारातल्या निम्म्याअधिक लग्नांच्या याद्या त्यांच्या हातच्या असत, आणि प्रत्येक यादीच्या तळाशी 'व इतर' असे लिहून त्यापुढे ते बरीच जागा कोरी सोडीत. मुख्य जिन्नस माणूस घासाघीस करून घेतो आणि 'व इतर'मध्ये बुडतो, असे त्यांचे म्हणणे.

हे सगळे आठवायचे कारण असे की, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब आगबोटीने गोव्याला जाऊन आलो. आता तिला आगबोट म्हणत नाहीत, क्रूझ म्हणतात. सासूबाईंना पंचाहत्तर वर्षे पुरी झाली, तेव्हा आमच्या ठाण्याच्या वन्संनी ठरवले की आईची पंचाहत्तरी समुद्रावर करायची. वन्सं, त्यांचे यजमान आणि मुलगा. इकडून सासूबाई, आमचे हे, मी आणि आमची दोन मुले. अशी आठ माणसे. वन्संच्या यजमानांनी चौकशी केली आणि एका संध्याकाळी कंपनीचा भाव मोबाईलवर येऊन पडला.

आमचे हे एस. टी.त वाहक आहेत. तिकीट या विषयात घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. ते चष्मा लावून त्या भावपत्रकापुढे बसले, आणि वाक्यावाक्याला त्यांच्या कपाळावरच्या आठ्या वाढत गेल्या. एस. टी.चे कसे स्वच्छ असते! पाच वर्षांखालचे मूल फुकट, पाच ते बारा अर्धे तिकीट. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्याला फुकट प्रवास, २०२३ च्या मार्चपासून बायकांना निम्मे भाडे. म्हणजे जव्हारहून ठाण्याला जाताना सासूबाईंचे शून्य, माझे निम्मे. जहाजावर मात्र वयाचा मान कोणी ठेवीत नाही. तिथे हिशेब खोलीचा. एका खोलीतल्या पहिल्या दोन माणसांना पुरे भाडे, तिसऱ्या-चौथ्याला बरेच कमी. म्हणून एकेका खोलीत चौघे घातले की दरडोई आकडा एकदम खाली येतो. खोलीला खिडकी नको असेल तर आणखी खाली. समुद्रावर जाऊन समुद्र दिसणार नाही अशी खोली घ्यायची ही कल्पना सासूबाईंना फार गमतीची वाटली. "झोपल्यावर कोणाला दिसतोय समुद्र?" असे म्हणून त्यांनीच बिनखिडकीच्या दोन खोल्यांवर शिक्कामोर्तब केले.

मग पुढच्या ओळी. खोलीचे भाडे हे झाले मूळ भाडे. त्याखाली बंदराचा आकार, दर माणशी. त्याखाली ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरचाकरांची बक्षिशी, तीही दर माणशी आणि दर रात्रीची. त्याखाली सरकारी कर. जाहिरातीत मोठ्या टाइपात असतो तो पहिला आकडा आणि आपण भरतो तो शेवटचा. यांनी चौकटीच्या कागदावर बेरीज मांडली, तेव्हा शंभर रुपयांच्या जागी एकशे अठ्ठावीस झाले होते, आणि आम्ही अजून धक्क्यावरही पोहोचलो नव्हतो. "बक्षिशी आधीच वसूल करायची आणि तिला बक्षिशी म्हणायचे," हे म्हणाले. मला मात्र तो कागद वाचून बरे वाटले. त्यात काय आले आणि काय आले नाही याची यादी दोन बाजूंना समोरासमोर छापलेली होती. झोपणे, तिन्ही वेळचे जेवण, पोहण्याचा हौद, मुलांची खेळघर, संध्याकाळचा नाचगाण्याचा कार्यक्रम हे भाड्यात. थंड पेये, मद्य, खास उपाहारगृह, मालिश, इंटरनेट, धुलाई, फोटो, डॉक्टर, बंदरावर उतरून केलेली सहल हे भाड्याबाहेर. थोड्याफार फरकाने सगळ्या जहाजांचे असेच असते म्हणतात. आमचे जहाज कोणते ते मी सांगत नाही. हा लेख आहे, जाहिरात नव्हे.

त्या यादीचा मी दुसऱ्याच दिवशी शाळेत उपयोग केला. माझी शाळा मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर आहे. जव्हारहून जीपने जायचे आणि शेवटचा चढ पायी. मॅट्रिकला मला गणितात जेमतेम पासापुरते गुण होते, तेव्हापासून आकड्यांची माझी मैत्री नाही. पण चौथीच्या मुलांना हिशेब शिकवताना गोष्ट हाताशी असली की माझे निभावते. फळ्यावर मी मधोमध रेघ ओढली. एका बाजूला लिहिले 'भाड्यात', दुसऱ्या बाजूला 'भाड्याबाहेर'. आणि सांगितले, एक मोठी बोट आहे, एक आख्खे कुटुंब तिच्यात बसून परगावी निघाले आहे. आता एकेक वस्तू सांगा, ती कोणत्या रकान्यात जाईल?

मुले रंगली. झोपायला खाट? भाड्यात. भाकर? भाड्यात. पाहिजे तेवढी? पाहिजे तेवढी. यावर वर्गात जो गलका झाला तो शांत व्हायला वेळ लागला. लिम्का? भाड्याबाहेर. मग मागच्या ओळीतली एक मुलगी उठली. अंगाने किरकोळ, अक्षर मोत्यासारखे, धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत येणारी. तिने विचारले, "बाई, परत आणून सोडायचे पैसे?"

हा प्रश्न आमच्या आठ माणसांपैकी एकालाही सुचला नव्हता. मी म्हणाले, "परतीचे त्यातच."

"मग चांगली आहे बोट," ती म्हणाली आणि खाली बसली.

तिने तो प्रश्न का विचारला हे जव्हार-मोखाड्याच्या माणसाला सांगावे लागणार नाही. इतरांसाठी सांगते. आमच्याकडे भात झोडून होते, नागली-वरई घरात येते, वाघबारशीला तारपा वाजतो, आणि दिवाळी सरली की पाड्यापाड्यावर टेम्पो येऊन उभे राहतात. भिवंडी, वसई, कल्याण या बाजूच्या वीटभट्ट्यांवर माणसे निघतात. नवरा-बायको ही एक जोडी, मुले बरोबर, कोंबड्याही बरोबर. मुकादमाने पावसाळ्यात, घरातले धान्य संपलेले असताना, उचल दिलेली असते. ती फेडायला जायचे. जाताना टेम्पो मुकादमाचा. परतताना कोणाचा, ते हिशेबाच्या दिवशी कळते. फळ्यावरचे 'कुटुंब बसून परगावी निघाले' हे माझे वाक्य त्या मुलीने बोटीचे म्हणून ऐकलेच नव्हते.

असो. आम्ही निघालो. ठाण्याला एक रात्र वन्संकडे काढून दुसऱ्या दिवशी बॅलार्ड पिअरला गेलो. विमानतळावर तपासतात तसे तिथे तपासतात, आणि प्रत्येकाच्या हाती एक पत्र्याच्या चकतीएवढे हलके कार्ड देतात. त्या कार्डाने खोलीचे दार उघडते आणि त्याच कार्डावर खर्च चढतो. जहाजावर रोख पैसा चालत नाही. ही युक्ती ज्याने काढली त्याला मनुष्यस्वभाव चांगला कळत असला पाहिजे. पाकिटातून शंभराची नोट काढताना हात जड होतो, कार्ड पुढे करताना होत नाही. यांनी मुलांची कार्डे पहिल्याच तासात काढून घेऊन आपल्या शर्टाच्या खिशात ठेवली, तिकिटांचा गठ्ठा ठेवतात तशी, आणि अडीच दिवस तो खिसा शिवल्यासारखा बंद राहिला. वन्संच्या मुलाचे कार्ड त्याच्याचजवळ होते. त्याचे पुढे सांगते.

जहाज सुटण्याआधी सगळ्यांना बोलावून कवायत घेतात. सात आखूड भोंगे आणि एक लांब, असा आवाज ऐकला की कुठे जमायचे, जीवरक्षक जाकीट कसे बांधायचे, आपली होडी कोणती, हे दाखवतात. 'टायटॅनिक' १९१२ साली बुडाली, तिच्यावर होड्या माणसांच्या मानाने अपुऱ्या होत्या. त्यानंतर १९१४ मध्ये देशादेशांनी मिळून याविषयी करार केला. पुष्कळ लोक कवायतीला कंटाळले होते. सासूबाई मात्र पहिल्या रांगेत उभ्या राहून जाकिटाचे बंद दोनदा बांधून पाहत होत्या. त्यांचे माहेर विजयदुर्गाकडचे. त्यांच्या जन्माआधी, १७ जुलै १९४७ रोजी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली. ती गोष्ट त्यांच्या आईने त्यांना प्रत्येक प्रवासात सांगितलेली. "खोली खिडकीची असो की बिनखिडकीची, होडीत जागा सगळ्यांना सारखी का हो?" असे त्यांनी तिथल्या अधिकाऱ्याला विचारले. तो हो म्हणाला. तेव्हा कुठे त्या खुर्चीत बसल्या.

त्यांच्या लहानपणीची बोट वेगळी. वडील गिरगावात नोकरीला; दर मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावरून सगळे विजयदुर्गाला. डेकचे तिकीट म्हणजे नुसते जाण्याचे तिकीट. बसायची जागा ज्याची त्याने वळकटी पसरून धरायची; त्यासाठी वडील तीन तास आधी जाऊन उभे राहत. खाणे घरचे, तांदळाच्या भाकऱ्या आणि लसणाची चटणी. पाण्याचा तांब्या घरचा. बोट लागली तर आवळकाठीही घरचीच. बंदरात बोट काठाला लागत नसे. समुद्रातच उभी राही, आणि खाली हेलकावणाऱ्या पडावात उतरायचे. सासूबाई सांगतात, खलाशी पोरांना पोत्यासारखी झेलीत. "तिकिटात काय आले म्हणशील, तर समुद्र आला," त्या म्हणाल्या. "बाकी सगळे आपले."

कोकणच्या त्या बोटी पुढे बंद पडल्या. १९९८ साली कोकण रेल्वे पुरी सुरू झाली आणि बोटीची आठवण काढणारेही कमी झाले. मग २०१८ मध्ये मुंबई-गोवा 'आंग्रिया' निघाली, ती काही काळ चालली. २०२१ च्या सप्टेंबरात कॉर्डेलिया कंपनीने 'एम्प्रेस' हे १९९० साली बांधलेले जहाज मुंबईहून फिरवायला सुरुवात केली. पूर्वी बोट ही गावाला जायची सोय होती, आता बोट हेच गाव झाले आहे. लोक तिच्यात चढतात ते कुठे पोहोचायला नव्हे.

जेवणाबद्दल लिहायला हवे, कारण वाचकांना त्याचीच उत्सुकता असणार. पाहिजे तेवढे, पाहिजे तेव्हा. पहिल्या दुपारी आमच्या मुलांनी ताटात जे डोंगर रचले ते पाहून मला शरम वाटली. तिसऱ्या जेवणाला ती आपोआप वरणभातावर आली. भाड्यात आलेल्या गोष्टीची हाव दीड दिवसात सुटते असा माझा अनुभव आहे. भाड्याबाहेरच्या गोष्टींची सुटत नाही. ज्या उपाहारगृहात पैसे वेगळे पडत होते त्याच्या काचेला नाक लावून आमची धाकटी रोज उभी राही.

गोव्यात जहाज मुरगाव बंदरात लागते. कंपनीच्या सहलीचे पैसे वेगळे आणि आठ जणांचे मिळून बरेच. आम्ही बाहेर येऊन दोन टॅक्सी ठरवल्या आणि मंगेशीचे दर्शन घेऊन आलो. खर्च कमी झाला. पण एक गोष्ट जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबते, आपल्या टॅक्सीसाठी थांबत नाही. परत धक्क्यावर येईपर्यंत यांचा एक डोळा घड्याळावर होता. गाडी वेळेवर सोडण्यात ज्याचे आयुष्य गेले त्याला दुसऱ्याची गाडी चुकण्याची भीती जास्त.

आमच्या खोल्या झाडणारा मुलगा राजापूरकडचा निघाला. वीस-बावीस वर्षांचा, मराठी ऐकून त्याचा चेहरा उजळला. किती महिने घरी गेला नाहीस, असे सासूबाईंनी विचारले तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "आजी, राहणे-जेवण कंपनीचे आहे, पगार वेळेवर आहे, पण गणपतीही इथेच झाला आणि दिवाळीही." आदल्या रात्री खोलीच्या आरशापुढे सासूबाईंनी विजेवरची पणती लावली होती, कारण खऱ्या ज्योतीला जहाजावर बंदी. उतरताना त्यांनी पदराची गाठ सोडून पाचशेची नोट त्याच्या हातात ठेवली. हे हळूच म्हणाले, "आई, बक्षिशी आधीच भरली आहे." त्या म्हणाल्या, "ती कंपनीची. ही दिवाळीची."

पाण्याचे एक राहिले. न्हाणीघरात तोटी सोडली की गरम-गार पाणी धो धो. समुद्राच्या पाण्यातून मीठ काढून गोडे पाणी करणारी यंत्रे जहाजावर असतात, आणि बंदरातूनही पाणी भरून घेतात. मुंबई बंदरातले पाणी म्हणजे मुंबईचे पाणी, आणि मुंबईचे पाणी म्हणजे पुष्कळ अंशी आमच्या वैतरणेचे. मोडकसागर १९५७ चा, मग अप्पर वैतरणा, आणि २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातल्या कोचाळ्याजवळची मध्य वैतरणा. एप्रिल-मे आला की मोखाड्याच्या पाड्यांवर टँकर सुरू होतात, बायका विहिरीच्या तळाशी वाटीने पाणी भरतात. अडीच दिवस मी न्हाणीघरात गेले की बादली शोधत असे. बादली नव्हती. सवय मोठी वाईट. तोटी मी करंगळीएवढीच सोडत होते.

शेवटच्या सकाळी बिल आले. आमच्या पाच जणांचे मिळून एका फोटोचे पैसे, तेवढेच. वन्संच्या मुलाच्या कार्डावर इंटरनेट, फेसाळ पेये आणि कसल्याशा यंत्रातल्या खेळाचे मिळून इतके झाले होते की वन्संच्या यजमानांनी चष्मा पुसून पुन्हा वाचले. ते जरा रागावून बोलू लागले, लूट आहे वगैरे. मला ते पटले नाही. प्रत्येक ओळीपुढे दिवस होता, वेळ होती, सही होती. सगळे आधी छापून दिलेले होते, आणि त्यातल्या एकेका गोष्टीला 'नको' म्हणण्याची मुभा होती. 'नको' म्हणता येणे ही मोठी श्रीमंती आहे हे माणसाला सहसा कळत नाही, कारण ज्याला म्हणता येते तो म्हणत नाही.

सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा चौथीच्या एकोणीसपैकी अकरा मुले हजर होती. मागच्या ओळीतली ती मुलगी नव्हती. जाण्याआधी मी तिला शिक्षण हमी कार्ड भरून दिले होते. स्थलांतर करणाऱ्या मुलांना हे कार्ड असते. ते दाखवले की जिथे जातील तिथल्या शाळेने त्यांना बसवून घ्यायचे. त्याच्याबरोबर एक साठ पानी वही दिली होती आणि रोज काहीतरी लिही म्हणून सांगितले होते. असे मी सगळ्यांनाच सांगते. वह्या बहुधा परत येत नाहीत.

जूनमध्ये ती आली. डोक्यावरचे केस लाल, हात खरबरीत, भाऊ कडेवरून उतरून चालू लागलेला. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली. भट्टीपासून शाळा लांब, मधे ट्रकांचा रस्ता, आणि भावाला कोणाजवळ ठेवायचे हा प्रश्न. त्यामुळे कार्ड घेऊन ती तिथल्या शाळेत मोजून नऊ दिवस गेली होती. पण वही भरली होती. प्रत्येक पानावर मधोमध रेघ, एका बाजूला 'भाड्यात', दुसऱ्या बाजूला 'भाड्याबाहेर'.

मी ती वही दोनदा वाचली. भाड्यात: टेम्पो (जाताना). झोपडीला कच्च्या विटा. पाणी, टाकीतले. भाड्याबाहेर: दर रविवारची खर्ची, तारखेसह. वर घालायची ताडपत्री. भावाला ताप आला तेव्हाचा डॉक्टर. आईचा हात भाजला तेव्हाचा डॉक्टर. एका पानावर 'रातचा दिवा' असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढले होते; दिवा कोणत्या रकान्यात घालावा हे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि रोजच्या रोज विटा किती पाडल्या त्याचा आकडा. मजुरी हजार विटांवर असते. पहाटे दोनला उठून माती मळायची आणि ऊन चढेपर्यंत साचे मारायचे, असे ते काम.

हिशेबाच्या दिवशी मुकादमाच्या चोपडीत तिच्या बापाच्या नावावर जी खर्ची निघाली ती मुलीच्या वहीपेक्षा बाराशे रुपयांनी जास्त होती. एक रविवार दोनदा चढला होता. बापाला लिहिता-वाचता येत नाही. त्याने वही पुढे केली. मुकादम आधी हसला, मग चिडला, मग भोवती चार माणसे जमलेली पाहून त्याने ती ओळ खोडली. परतीच्या टेम्पोचे पैसे मात्र कापलेच. तेवढे कापूनही उचल फिटली आणि घर काहीतरी पैसे घेऊन परत आले. आधीच्या दोन्ही वर्षी बाकी अंगावर राहिली होती. कर्जापोटी माणसाला राबवून घेणे हा १९७६ च्या कायद्याने गुन्हा आहे. १९४५ साली तलासरी-उंबरगावच्या वारल्यांनी वेठीविरुद्ध उठाव केला. त्या काळी लग्नासाठी घेतलेल्या कर्जात नवराबायको सावकाराकडे राबत, त्यांना लग्नगडी म्हणत. आता तो शब्द गेला. चोपडी आहे.

मी तिच्या बापाला भेटायला गेले, ते अर्थात शाबासकी द्यायला नव्हे. पोरगी आता पाचवीत; यंदा तिला हंगामी वसतिगृहात ठेवा, आजी पाड्यावर आहेच, असे सांगायला गेले. त्याने मला बसायला खाट दिली, काळा चहा दिला, सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "बाई, ती राहिली तर हिशेब कोण लिहील?" शेजारच्या दोन झोपड्यांनीही आपापला हिशेब तिच्याकडेच द्यायचे ठरवले आहे. तिला त्यासाठी दोनशे पानी वही हवी आहे. बापाच्या बोलण्यात अभिमान होता, आणि तो खोटा नव्हता. मुलगी कुडाला टेकून उभी होती. वसतिगृहाचे नाव निघाल्यावर तिने माझ्याकडे पाहिले आणि मग खाली पाहिले.

त्यावर मला एकच तोड दिसली. गेले तीन आठवडे, शाळा सुटली की तिची आई येते. साडेतीनची जीप मी सोडते आणि पाचच्या जीपने घरी जाते. हे स्वतःच कुकर लावून घेतात. मी फळ्यावर रेघ ओढते, ती पाटीवर ओढते. रेघ तिला पहिल्याच दिवशी सरळ आली, भिंतीवर पिठाने चौक काढणारा हात तो. नाव लिहिता येऊ लागले आहे. 'खर्ची' हा शब्द तिने अक्षरे न शिकता, चित्र काढावे तसा काढून घेतला. आकड्यांचे मात्र अवघड आहे. पन्नासपर्यंत ठीक चालते. पण एकोणपन्नास आणि एकोणसाठ यांत ती अडकते, एकोणसाठला सहा नाही तर पाच का, असे विचारते, आणि मला धड उत्तर देता येत नाही. मुलगी शेजारी बसून तिला चुकू देत नाही. मी तिला दटावते, चुकू दे म्हणून.

वाघबारशीला बावीस दिवस आहेत. वसतिगृहाचा अर्ज भरून मी टेबलाच्या खणात ठेवला आहे, बापाच्या अंगठ्याची जागा तेवढी रिकामी आहे. टेम्पो भाऊबिजेनंतरच्या सोमवारी येणार असे मुकादम सांगून गेला. काल आई बाहत्तरपर्यंत आली.